उशिरा हजर

ताल्काउआनो, जुलै. म्हणजे इथला भर हिवाळा.
मासळीच्या भुकटीच्या कारखान्याचा वास
पहाटेच वर्गात येऊन बसतो, पहिल्या बाकावर,
मुलांच्या आधी.

मी ओर्तेन्सिया पाइनेमाल. शिकवत काही नाही.
माझ्याकडे घंटा, किल्ल्या आणि हजेरीचा पट.
सव्वाआठला रिकाम्या बाकांची शिरगणती करते.

वरच्यांच्या अहवालात याला गळती म्हणतात.
गळती मला ठाऊक आहे: व्यायामशाळेच्या पत्र्यातून होते,
खाली बादली ठेवली की टपटप ऐकू येते.
मुलं गळतात ती बिनआवाज.
आधी सोमवार जातो. मग सोमवार-मंगळवार.
मग वही घरी राहते, मग दप्तर,
मग एक दिवस फोन लावावा
तर नंबर दुसऱ्याच कुणाचा.

येर्को रिफो, शेवटचं वर्ष, ब तुकडी,
एकतीस दिवस गैरहजर.
शाळा सोडल्याचा दाखला एका पानाचा,
छापून तयार, माझ्या खणात; फक्त नाव घालायचं.
शाळेत राहण्याचा फॉर्म कुणी छापलेला नाही.
मी छत्री घेतली.

धक्क्यावर सापडला, खेकडे उकडायच्या पिंपांमागे,
पायात बापाचे रबरी बूट, दोन मापं मोठे.
बाप कुठे, ते मी विचारलं नाही,
तो नांग्या मोडत राहिला.
"रात्री दोनला बर्फ उचलतो, सिन्योरा. सहाला सुटतो.
आठला गणित."
आणि हसला, जणू गणित हाच विनोद.

भविष्य वगैरे त्याने पुष्कळ ऐकलेलं.
भविष्याचे पैसे शनिवारी हातावर पडत नाहीत.
मी म्हटलं, झोपतोस कधी रे?
एवढंच. त्याचा हात थांबला.

मग मी मागे लागले. आधी मुख्याध्यापकांच्या,
मग गणिताच्या सिल्वानाबाईंच्या.
"एकासाठी नियम वाकवला की..."
म्हटलं, वाकवून बघू, काचेचा थोडाच आहे.
पहिले दोन तास तो ग्रंथालयात झोपेल,
नकाशांच्या कपाटामागे, माझ्या कोटावर.
तिसऱ्याला मी हलवीन.
बुडालेलं गणित गुरुवारी दुपारी,
हे बाईंनीच ठरवलं नंतर, कुणाला न सांगता;
मला कळलं ते डब्यात दोघांपुरते पाव दिसले तेव्हा.

सगळं जमलं असं नाही.
ऑगस्टात तो पुन्हा दोन आठवडे दिसेना.
आणि त्याच्याच वर्गातली माइते कायुल.
तिच्यासाठी मी तीनदा टेकडी चढले,
तिसऱ्यांदा दाराला कुलूप,
दोरीवर बाळाची दुपटी, ओलीच.
तिचं नाव मी पटावरून कमी केलं नाही.
नोव्हेंबरपर्यंत रोज पुकारलं.
आधी वर्ग खिदळायचा. पुढे गप्प राहू लागला.

निरोपाचा समारंभ, शुक्रवारी अकरा वाजता.
खुर्च्या मोजून मांडलेल्या. त्याची रिकामी.
आई मात्र आलेली, पायाशी भाजीची पिशवी,
दाराकडे एकदाही न बघता बसलेली.
अकरा चाळीसला दार ढकललं गेलं:
ओले केस, उसना टाय,
साबण संपवूनही अंगाला बांगड्याचा वास.
"ट्रॉलर उशिरा लागला, सिन्योरा."

टाळ्या चालल्या होत्या. मी पट उघडला.
समारंभाला हजेरी नसते, तरी उघडला,
आणि त्याच्या नावापुढे लिहिलं: उशिरा.
तो वाकून बघत होता. "आजसुद्धा?"
"आजसुद्धा. जा आता, तुझं नाव घेताहेत."

त्याच्या नऊ ओळी वर कायुल, माइते.
तिथे मी पेन टेकवलं,
आणि तसंच उचललं.